मासोळ्यांच्या टाकीचं अडीच क्विंटल पाणी : बादल्या न उचलता बदलायचं कसं?

रामपायली (बालाघाट) : पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी घरात आली की पहिले दोन महिने सगळं घर तिच्याभोवती असतं. पाहुणे येतात, पोरं काचेला नाक लावून बसतात, मासोळ्यांना नावं ठेवली जातात. तिसऱ्या महिन्यात मात्र एक प्रश्न उभा राहतो, अन् तो टाकी विकत घेताना कोणी विचारलेला नसतो. याचं पाणी बदलणार कोण?

हिशेब सरळ आहे. पाच गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर टाकी ५६६ लिटरची. वरची मोकळी जागा अन् खालची रेती सोडली तरी ५०० लिटर पाणी धरायला हरकत नाही. आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा म्हटलं तर १२५ लिटर बाहेर काढायचं अन् तेवढंच आत टाकायचं. घरातली बादली (कोणी बकेट म्हणतं, कोणी बाल्टी) सांडू न देता नेता येईल इतकी भरली तर १५ लिटरची. आठ-नऊ खेपा बाहेर, आठ-नऊ खेपा आत. एका लिटरचं वजन एक किलो, म्हणजे दोन्ही मिळून अडीच क्विंटल ओझं झालं. धानाची पोती उचलणाऱ्या माणसालाही दर रविवारी हे काम नको वाटेल. त्यात आत टाकायची बादली छातीच्या उंचीवर उचलून सावकाश ओतायची, कारण धपकन ओतलं तर रेती उखडते अन् मासोळ्या बिथरतात.

वास्तुशास्त्रवाले टाकी कोणत्या दिशेला ठेवायची ते सांगतात. बादल्या कोण उचलणार ते सांगत नाहीत.

म्हणून मोठ्या टाक्या बिघडतात त्या आळसामुळे कमी अन् ओझ्यामुळे जास्त. आठवड्याचं काम पंधरवड्यावर जातं, मग महिन्यावर, मग 'पाणी तर काचेसारखं साफ दिसतंय' इथवर येतं. मासोळ्या मरतात त्या याच साफ दिसणाऱ्या पाण्यात.

साफ पाणी अन् चांगलं पाणी वेगळं

मासोळी जे खाते त्यातून अमोनिया तयार होतो. बराचसा तर ती कल्ल्यांतूनच पाण्यात सोडते. अमोनिया विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये अन् रेतीत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेनं सौम्य आहे, पण ते कुठे जात नाही. फिल्टर कितीही महागाचा असो, साध्या घरगुती टाकीत नायट्रेट कमी करायचे मार्ग दोनच : भरपूर जिवंत झाडं, नाहीतर पाणी बदलणं. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना अशा दांडग्या मासोळ्यांच्या टाकीत झाडं टिकत नाहीत, म्हणजे दुसराच मार्ग उरतो.

याला उधारीच्या खात्यासारखं बघितलं तर लवकर उमजतं. समजा टाकीत दर आठवड्याला लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट जमा होतं. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदललं तर खात्यातली एक चतुर्थांश रक्कम फिटते, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा २० चढतात. काही महिन्यांनी हा आकडा एका जागी थांबतो : पाणी बदलण्याआधी ८०, बदलल्यावर ६०. निम्मं पाणी बदलत गेलात तर तो ४० अन् २० वर थांबतो. आणि फक्त १० टक्के बदलत राहिलात तर? चढत चढत २०० वर. नियम इतकाच, की आठवड्याची भर भागिले बदललेला हिस्सा. नेहमीच्या शोभेच्या मासोळ्यांसाठी जाणकार ४० च्या आत राहायला सांगतात. माणसाच्या पिण्याच्या पाण्यालाही भारतीय मानकानुसार ४५ ची मर्यादा आहे.

म्हणजे मग दर आठवड्याला निम्मं पाणी, अडीचशे लिटर? बादलीनं हे होणार नाही. एक तर मासोळ्या कमी ठेवा अन् खाणं आवरतं घ्या, म्हणजे भरच २० वरून १० वर येईल अन् २५ टक्क्यांत काम भागेल. नाहीतर पाणी वाहून न्यायची पद्धत बदला. शहाणपण दोन्ही करण्यात आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वरून भर घालतात अन् 'पाणी टाकलं' म्हणतात. ती भर झाली, बदल नाही. पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार मागेच राहतात. बोरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या जाळीवर मे महिन्यात जो पांढरा थर बसतो, तोच प्रकार टाकीत होतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. पंख्याखालच्या उघड्या टाकीचं पाणी आठवड्यात दीड बोट खाली गेलं तर ते सुमारे २८ लिटर होतात. बोरच्या पाण्याची कठीणता समजा ४०० असेल, तर दर भरीला टाकीची कठीणता २२ नं वाढते. अडीच महिन्यांचा उन्हाळा संपेपर्यंत ४०० चे सव्वासहाशे होतात. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा ६०० आहे.

आधी बाहेर काढण्याचं काम

पाणी बाहेर काढायला वीज लागत नाही, ओझंही लागत नाही. टाकी अडीच फुटी स्टँडवर असते, म्हणजे पाण्याची पातळी जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं खाली अंगणात, नळी पूर्ण पाण्यानं भरलेली. बाकी काम उतार करतो. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना जे करतात तेच हे. फक्त तोंडानं ओढायची गरज नाही अन् ओढूही नये, टाकीच्या पाण्यात जिवाणू असतात. नळी आधी नळाला लावून भरून घ्यावी, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबावीत, एक टाकीत बुडवावं, दुसरं खाली सोडावं.

नळी किती जाड घ्यायची याला फार महत्त्व आहे अन् इथेच बहुतेक जण चुकतात. दुकानात टाकीसोबत जी बोटभर नळी देतात ती दोन फुटी टाकीसाठी ठीक. पाच मीटर लांब नळी अन् मीटरभर उतार धरला, तर आतून १२ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साधारण ८ लिटर येतं, म्हणजे १२५ लिटरला पंधरा मिनिटं. आतून १९ मिलिमीटरची, म्हणजे पाऊण इंची नळी घेतली तर मिनिटाला २५ लिटरच्या आसपास, काम पाच-सहा मिनिटांत. बागेला पाणी द्यायची हिरवी नळी कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते, तीच चालते. नळी नवी अन् याच कामासाठी वेगळी ठेवलेली असावी. फवारणीच्या पंपाला लागलेली नळी टाकीच्या जवळही आणू नये; कीटकनाशकाचा अंश मासोळ्यांना पुरतो. टाकीतल्या टोकाला प्लास्टिकची जाळी बांधली की लहान मासोळ्या ओढल्या जात नाहीत.

आता मुख्य युक्ती. नळी चालू ठेवून माणूस फोनवर बोलायला जातो अन् टाकी रिकामी होते, हा अपघात ठरलेला. त्यावर उपाय : नळीचं टाकीतलं टोक तळाशी सोडायचंच नाही. जितकं पाणी काढायचं तितक्याच खोलीवर ते काचेला चिमट्यानं पक्कं करायचं. दोन फुटी टाकीत चौथा हिस्सा म्हणजे वरून सहा इंच. पाणी तिथवर उतरलं की नळीत हवा शिरते अन् प्रवाह आपोआप तुटतो. मग कोणी लक्ष दिलं काय, नाही दिलं काय. तळाची घाण काढायची असेल तर सुरुवातीची दोन मिनिटं टोक हातात धरून रेतीवर फिरवावं, नंतर ते चिमट्यावर अडकवून द्यावं.

पाणी काढायला सुरुवात करण्याआधी हीटर अन् फिल्टरचा स्विच बंद. हीटर तर पंधरा-वीस मिनिटं आधी. गरम काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते, अन् तडकलेल्या हीटरच्या पाण्यात हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

निघालेलं पाणी नालीत सोडायचं नाही. त्यात जे नायट्रेट आहे ते पिकाचं खत आहे, युरियातून पिकाला शेवटी जे मिळतं तेच. घरामागच्या वाडीत वांगी, टमाटर, पालक, लिंबाचं झाड काहीही असो, १२५ लिटर पाणी आठवड्यातून एकदा तिथे गेलं तर वाडीचं पाणी त्या दिवसापुरतं वाचतं. मे महिन्यात घरच्यांची या टाकीवरची नाराजी कमी करायला हाच मुद्दा कामी येतो. मात्र टाकीत मीठ किंवा औषध टाकलेलं असेल त्या आठवड्याचं पाणी झाडांना देऊ नये.

सलंग अन् तुडूम, टाकीलाही

नवी टाकी बनवायला टाकायची असेल तर त्याहून पक्की सोय होते, अन् ती या भागातल्या माणसाला नव्यानं शिकवायची गरज नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत जे मालगुजारी तलाव आहेत, त्यांना जास्तीचं पाणी आपोआप निघून जायला सलंग असते, अन् हवं तेव्हा हव्या त्या पातळीवरून पाणी सोडायला तुडूम असतो. गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. ते कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं परंपरेनं सांगितलं जातं. तेव्हा मधे राज्याची रेघ नव्हती. १९५६ पर्यंत तर भंडारा अन् बालाघाट एकाच मध्य प्रदेशात होते. तलाव बांधणाऱ्या त्या माणसांनी पाणी भरण्याइतकाच विचार ते सोडण्याचाही केला होता.

काचेच्या टाकीतही या दोन्ही गोष्टी करता येतात. मागच्या काचेला वरून दोन इंचांवर एक भोक, त्यात पाऊण किंवा एक इंची टाकी-निप्पल, रबरी वायसर, मागून पाइप थेट वाडीत. ही झाली सलंग. आत कितीही पाणी आलं तरी त्या पातळीच्या वर चढत नाही. दुसरं भोक वरून सहा-आठ इंचांवर, त्याला पितळी किंवा पीव्हीसीचा कॉक. हा तुडूम. रविवारी सकाळी कॉक उघडा, पाणी भोकापर्यंत उतरून आपोआप थांबेल.

भोक काचवाल्याकडून टाकी जोडण्याआधीच पाडून घ्यावं. काच टफन केलेली असेल तर तिला नंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. भोक काचेच्या कडेच्या फार जवळ नको, अन् तुडूम तळाशी तर अजिबात नको. कॉक गळला किंवा लहान पोरानं उघडला तर तळाच्या भोकातून पाचशे लिटर घरात येईल. सहा इंचांवरच्या भोकातून फार तर सव्वाशे. दोन्ही भोकांच्या तोंडाला आतून जाळी हवीच.

जुन्या टाकीला भोक पाडायच्या भानगडीत पडू नये. तिच्यासाठी नळी अन् चिमटा बरा.

आत टाकायचं पाणी : ड्रम अन् कूलरचा पंप

ओझ्याचा दुसरा अर्धा भाग जड आहे, कारण तो चढाचा आहे. त्यासाठी लागणारं सामान बहुतेक घरांत माळ्यावर पडलेलं असतं. २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम, अन् कूलरचा पंप. कूलरचा साधा १८ वॉटचा पंप पाणी पाच-सहा फूट चढवतो, म्हणजे स्टँडवरच्या टाकीच्या काठापर्यंत जेमतेम पोचवतो अन् धार बारीक येते. ड्रम विटांवर किंवा स्टुलावर ठेवला की चढ कमी होतो अन् धार वाढते. ४० वॉटचा घेतला तर अडचण राहत नाही. पंप जुना असेल तर त्यावरचा क्षार व्हिनेगरनं काढून स्वच्छ धुवावा. गंजलेला असेल तर टाकून द्यावा. ड्रम कशाचा होता हे माहीत असल्याशिवाय घेऊ नये; रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी भरवसा नाही.

आदल्या संध्याकाळी ड्रम भरून ठेवायचा, वर सुती कापड बांधायचं. डेंग्यूचा डास असं उघडं साफ पाणीच शोधतो. सकाळी नळी टाकीच्या काठाला अडकवायची, टोकाखाली एक बशी धरायची किंवा धार काचेवर सोडायची, म्हणजे रेती उखडत नाही. नळीचं टोक टाकीच्या पाण्याच्या वर राहील हे बघायचं. टोक बुडालेलं राहिलं अन् पंप बंद झाला किंवा लाइट गेली, तर पाणी उलट्या पावली ड्रमात यायला लागतं अन् ड्रम भरून घरभर होतं. लोडशेडिंगच्या भागात हे होणारच असं धरून चालावं.

सलंग नसलेल्या टाकीला भरताना थांबवायचं कसं? ड्रममध्ये जितकं काढलं तितकंच पाणी ठेवा, म्हणजे टाकी ओसंडण्याचा प्रश्नच येत नाही. पण १८ वॉटचा पंप कोरडा चालला तर जळतो, म्हणून ड्रमच्या तळाशी पंप बुडेल इतकं पाणी जास्तीचं हवं. किंवा कूलरला लागतो तो फ्लोटचा बॉल टाकीच्या काठाला बसवा अन् पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतारानं आणा. पंपाची गरजच उरत नाही, पातळी आली की बॉल बंद करतो. टिल्लू पंप मात्र थेट टाकीला लावू नये. त्याची धार फार जोरदार असते, दोन मिनिटं नजर चुकली की फरशीवर पाणी, अन् फरशीवरच्या पाण्यात टिल्लू.

विजेचं एकच सांगणं. पंपाची तार अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या प्लगला, तार प्लगकडे जाताना मधे खाली झोळ खाईल अशी, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलेलं असेल तर उत्तम. हात पाण्यात घालण्याआधी सगळे स्विच बंद.

कोणतं पाणी?

नळयोजनेच्या पाण्यात क्लोरीन असतं. मानकाप्रमाणे घरापर्यंत पोचताना लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे, अन् पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरचा हात जरा मोकळा सुटतो. तुमच्या-आमच्या आरोग्याला ते हवं, पण मासोळीच्या कल्ल्यांना अन् फिल्टरमधल्या जिवाणूंना नको. ड्रममध्ये उघड्यावर चोवीस तास ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. हवेचा पंप सोडला तर त्याहून लवकर. घाई असेल तर दुकानातलं क्लोरीन मारायचं औषध बाटलीवरच्या मापानं. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेटच असतं, म्हणजे फोटो धुणारे पूर्वी ज्याला हायपो म्हणत ते.

बोर अन् हँडपंपाच्या पाण्यात क्लोरीन नसतं म्हणून लोक ते थेट टाकतात. तिथे अडचण दुसरी. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी अन् कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, कुठे लोहही असतं. ताजं पाणी साफ दिसतं अन् तासाभरात तांबूस होतं ते याच लोहामुळे. ड्रममध्ये उंचावरून धार सोडून एक रात्र ठेवलं तर वायू निघून जातो, लोह तळाशी बसतं. तळाचं चार बोटं पाणी सोडून वरचं घ्यावं.

तापमान हा तिसरा मुद्दा अन् इकडच्या हवेत तो सोडून चालत नाही. बोरचं पाणी वर्षभर पंचवीस-सत्तावीसच्या आसपास राहतं. जानेवारीत बिनहीटरची टाकी अठरावर असते, मे महिन्यात बत्तीस-तेहतीसवर. म्हणजे तेच पाणी थंडीत गरम पडतं अन् उन्हाळ्यात गार. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी तर चहाला चालेल असं असतं. टाकीशी दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. पाणी रात्रभर त्याच खोलीत ड्रममध्ये राहिलं की हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. उन्हाळ्यात पाणी बदलायला पहाट बरी.

आरओ मशीनचं टाकाऊ पाणी 'फुकट जातंय' म्हणून टाकीत घालणारे आहेत. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते भांडी-फरशीला ठेवा. आरओचं शुद्ध पाणी एकटं घालणंही चूक, त्यात क्षार जवळपास नसतात.

मूळ पाण्यात काय आहे हे कळायला शहरात जायची गरज नाही. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासायच्या पेट्या दिल्या आहेत अन् त्या वापरायला गावातल्याच पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं धोरण आहे. त्या पेटीत पीएच, कठीणता, लोह, नायट्रेट, उरलेलं क्लोरीन हे सगळं तपासता येतं. विहिरीतच नायट्रेट ४५ च्या वर असेल, आणि खताचा मारा असलेल्या शेताजवळच्या विहिरीत ते असू शकतं, तर पाणी कितीही बदला, टाकीचा आकडा त्याच्या खाली जाणार नाही. आणि ते पाणी घरात तान्हं बाळ पीत असेल तर मासोळ्यांआधी त्याची काळजी करावी लागेल.

ठिबकवर टाकी

ज्यांच्याकडे गच्चीवर बोरच्या पाण्याची टाकी अन् काचेच्या टाकीला सलंग, दोन्ही आहे, त्यांना रविवारचं कामही टाळता येतं. शेतात ठिबकला लागतो तो तासाला चार लिटरचा साधा ड्रिपर बारीक नळीला जोडून टाकीवर सोडायचा. चार लिटर हा आकडा शेतातल्या दाबाचा आहे. गच्चीवरून दहा फूट उतार मिळाला तर निम्म्याहून थोडं जास्त, तासाला सव्वादोन लिटरच्या जवळपास येतं. रोज आठ तास कॉक उघडा ठेवला तर अठरा लिटर, आठवड्याला सव्वाशे. जितकं आत येतं तितकं सलंगेतून वाडीत जातं. नवं पाणी जुन्यात मिसळूनच बाहेर पडतं, म्हणून एकदम बदलण्यापेक्षा थोडं कमी साफ होतं, पण मासोळ्यांना झटका कधीच बसत नाही. अट एकच : नळयोजनेचं क्लोरीनवालं पाणी यात चालणार नाही. अन् ड्रिपर क्षारानं चोंदतो, महिन्यातून एकदा काढून साफ करावा.

जुनी, दुर्लक्षित टाकी : एकदम हात घालू नका

सगळ्यात जास्त मासोळ्या मरतात त्या पाणी न बदलल्यामुळे नाही, तर सहा महिन्यांनी एके दिवशी उत्साहानं सगळं बदलल्यामुळे. लग्न निघतं, पाहुणे यायचे असतात, टाकी रिकामी करून घासूनपुसून नव्या पाण्यानं भरली जाते, अन् दुसऱ्या सकाळी मासोळ्या तरंगताना दिसतात. दोष पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो.

होतं असं. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातला अल्कलीपणा खात जातात. महिनोन् महिने पाणी बदललं नाही की पाणी आम्ल होत जातं, पीएच साडेसहाच्या खाली येतो. तिथे जिवाणूंचं काम मंदावतं अन् अमोनिया साचायला लागतो. पण आम्ल पाण्यात तो अमोनियम या जवळपास निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासोळ्या जिवंत राहतात. त्यात पीएच आठचं बोरचं पाणी एकदम अर्धी टाकी ओतलं की साचलेला अमोनिया विषारी रूपात येतो. पीएच सातचा आठ झाला की विषारी हिस्सा सुमारे दहापट वाढतो. वर क्षारांमधला अचानक फरक मासोळीच्या शरीराला सोसावा लागतो तो वेगळा.

म्हणून अशा टाकीत रोज फक्त दहा टक्के, ५० लिटर. चौदा दिवस हे केलं की जुनं पाणी पाव हिश्श्याहून कमी उरतं. त्यानंतर नेहमीचे पंचवीस टक्के. घरात आरओसाठी घेतलेला टीडीएसचा पेन असेल तर टाकीचं अन् नव्या पाण्याचं टीडीएस मोजून बघावं. दोन्हींत फार तफावत असेल तर टाकी दुर्लक्षित आहे असं समजावं. फिल्टरचा स्पंज त्याच दिवशी धुऊ नये, अन् धुवायचा तेव्हा टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाखाली धरला तर जिवाणूच धुऊन निघतात अन् सगळं चक्र पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मे महिन्यात पाणीच नसेल तर

रामपायलीला चंदन नदी काठाशी आहे, तरी उन्हाळ्यात घरापर्यंत पाणी आणण्याचा त्रास नदीकाठच्या गावांनाही चुकत नाही, अन् तो बहुतेक घरांत बायांच्या वाट्याला येतो. टाकीची हौस एकाची अन् गुंड डोक्यावर दुसऱ्याच्या, असं होत असेल तर हिशेब आधीच करायला हवा. दोन महिने पाणी कमी पडणार हे मार्चमध्येच दिसतं. तेव्हापासून खाणं अर्ध्यावर आणावं. मोठ्या मासोळ्यांना आठवड्यातून एक-दोन उपासांनी काही होत नाही. टाकीवर झाकण ठेवावं म्हणजे उडणारं पाणी वाचतं, फक्त हवेचा पंप सुरू राहू द्यावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आणि १२५ लिटर वाडीला जाणारच असतील तर ते आधी टाकीत अन् मग वाडीत जाऊ द्यावेत. तेवढ्या पाण्याचा वेगळा खर्च मांडायचं कारण उरत नाही.

एवढं करूनही टाकी झेपत नसेल तर मासोळ्या दुकानदाराला परत द्याव्यात किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. चंदन नदीत, गावच्या तलावात, बोडीत सोडू नयेत. काच साफ ठेवते म्हणून घेतलेली सकर मासोळी अशाच सोडण्यामुळे देशातल्या अनेक तलावांत पसरली आहे. कोलकात्याच्या पाणथळीत, आंध्र-तेलंगणात ती जाळी फाडते, बाजारात तिला भाव नाही, अन् तिच्या काटेरी कवचामुळे स्थानिक मोठी मासोळी तिला खातही नाही. २०२० मध्ये ती वाराणसीजवळ गंगेतही सापडली. वैनगंगेच्या खोऱ्यात ढिवर समाजाची कितीतरी घरं तलावातल्या मासोळीवर चालतात. दोन वर्षांत फूटभर झालेली सकर टाकीतून काढायचीच असेल तर ओल्या पोत्यात गुंडाळून पकडावी. जाळीत तिचे काटे अडकतात.